अणुवीज, किरणोत्सार आणि बडोदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोदे आणि आसपासच्या मराठी वाचकांकडून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. प्रत्येक उत्तरात शक्य तिथे तीन गोष्टी सांगितल्या आहेत: किरणोत्सारी द्रव्य कोणतं, ते किती आहे, आणि शरीराबाहेर आहे की आत. या तीन गोष्टी कळल्याशिवाय "धोका आहे का?" या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

बेकरेल, ग्रे, सीव्हर्ट यांत फरक काय?

चुलीतून ठिणग्या उडतात असं समजा. सेकंदाला किती ठिणग्या उडाल्या, तो आकडा म्हणजे बेकरेल. अंगाच्या एक किलो भागात त्यांची किती ऊर्जा मुरली, ते ग्रे. आणि त्यातून पुढे होऊ शकणाऱ्या इजेचं माप म्हणजे सीव्हर्ट. क्ष-किरण आणि गॅमा किरणांसाठी ग्रे आणि सीव्हर्टचा आकडा सारखाच येतो. अल्फा कणांना मात्र वीसपट वजन देतात, कारण ते सगळी ऊर्जा अगदी थोड्या अंतरात ओततात.

बेकरेल हे फार बारीक माप आहे. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत निव्वळ पोटॅशियममुळे ४० बेकरेलच्या आसपास किरणोत्सार असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात पोटॅशियम-४० चे सुमारे ४,००० बेकरेल कायम असतात. म्हणून बातमीत "लाखो बेकरेल" आले की लगेच घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. कशाचे, आणि किती लिटर किंवा किलोमागे, हे आधी पाहा. वरण जास्त खाल्लं म्हणून अंगातला किरणोत्सार वाढत नाही, कारण शरीर पोटॅशियमचं प्रमाण स्वतः सांभाळतं आणि जादा लघवीवाटे टाकतं.

काही न करता, नुसतं जगताना किती किरणं मिळतात?

जगभराची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट. त्यातला निम्मा वाटा श्वासातून जाणाऱ्या रेडॉन वायूचा असतो. बाकीचा जमीन, अवकाश आणि अन्न यांचा. केरळच्या किनाऱ्यावर करुनागपल्लीजवळच्या वाळूत थोरियम असलेलं मोनाझाइट आहे. तिथल्या काही जागी ही पातळी सरासरीच्या कित्येक पट आहे. तिथल्या लाखो रहिवाशांचा बरीच वर्षं पाठपुरावा झाला. नैसर्गिक किरणांमुळे कर्करोग वाढल्याचं त्यात आढळलं नाही.

स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यात युरेनियम आणि थोरियमचे अंश असतात, पण त्यातून मिळणारी मात्रा नगण्य असते. रेडॉन साचतो तो बंद, कोंदट तळघरात. उपाय साधा आहे: खिडकी किंवा पंखा. जुन्या गॅसबत्तीच्या जाळीत, वरातीत वापरायचे त्या मेंटलमध्ये, थोरियम असायचं. फुटलेल्या मेंटलची राख फुंकून उडवू नये आणि ती श्वासात जाऊ देऊ नये.

बडोद्याला सगळ्यात जवळची अणुभट्टी कोणती? तिचा त्रास इथवर येईल का?

काकरापार, तापी जिल्ह्यात. बडोद्यापासून सरळ रेषेत ११० किलोमीटरहून जास्त. तिथे २२० मेगावॅटच्या दोन जुन्या भट्ट्या आहेत. त्या १९९३ आणि १९९५ पासून व्यापारी उत्पादनात आहेत. शिवाय ७०० मेगावॅटच्या दोन नव्या आहेत. त्यातली तिसरी २२ जुलै २०२० ला आणि चौथी १७ डिसेंबर २०२३ ला प्रथम क्रांतिक झाली, म्हणजे तिथली साखळी क्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली.

आपल्याकडे अणुवीज केंद्राभोवतीचं आपत्कालीन नियोजन १६ किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी असतं. बडोदे त्याच्या बरंच बाहेर आहे. पाण्याचं म्हणाल तर काकरापार तापीच्या खोऱ्यात आहे, आणि तापी पुढे सुरतेकडे जाते. बडोदेकर पितात ते पाणी मुख्यतः सयाजीरावांच्या काळापासूनच्या आजव्याच्या तलावाचं आणि महीचं. या स्रोतांचा तापीशी संबंध नाही.

शीतकरण मनोऱ्यांतून निघणारा जाड पांढरा लोट फक्त पाण्याची वाफ असते. तिचा भट्टीच्या आतल्या पाण्याशी संबंध येत नाही.

मग काकरापारमधून काहीच बाहेर पडत नाही का?

पडतं, आणि ते लपवण्याचं कारण नाही. काकरापारच्या भट्ट्यांत जड पाणी वापरतात, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हा त्याचा जड भाऊबंद असतो असं पाणी. हे ड्युटेरियम न्यूट्रॉन गिळतं आणि त्याचं किरणोत्सारी ट्रिटियम होतं. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच भाऊबंद असल्यामुळे तो पाण्यात मिसळून जातो आणि गाळणीनं वेगळा काढता येत नाही. त्यातला थोडा भाग वाफेच्या आणि पाण्याच्या रूपात, मोजून आणि विरळ करून सोडला जातो. त्याचे बीटा कण इतके दुबळे असतात की कातडी ओलांडत नाहीत. पोटात गेलं तर मात्र ते सर्वांगात पसरतं आणि साधारण १० दिवसांत निम्मं बाहेर पडतं. ट्रिटियम अंगात गेलेल्या कामगाराला भरपूर पाणी प्यायला सांगतात ते याचसाठी.

प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ एक पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. तिथे परिसरातलं पाणी, दूध, मासे, भाज्या, धान्य आणि माती नियमित तपासली जाते. सामान्य माणसासाठी नियामक मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे. अणुवीज केंद्रांभोवतीच्या लोकांना मिळणारी मात्रा त्याच्या लहानशा अंशाएवढी नोंदली जाते. आमचं मत असं की हे आकडे गावकऱ्यांपर्यंत गुजराती आणि मराठीत, दर तिमाहीला, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पोचायला हवेत. न सांगितलेल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवावा तरी का?

फर्टिलायझरनगरजवळचा हेवी वॉटर प्लांट म्हणजे अणुभट्टी आहे का?

नाही. जड पाणी किरणोत्सारी नसतं. साध्या पाण्यातल्या दर सहा-सात हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो. बडोद्याचा कारखाना १९७७ मध्ये उभा राहिला तो अमोनिया आणि हायड्रोजन यांच्यातल्या देवाणघेवाणीतून हे ड्युटेरियम गोळा करण्यासाठी. खतकारखान्याशेजारी तो असण्याचं कारण हेच: हायड्रोजनयुक्त वायू तिथून मिळायचा. अशा कारखान्यातला खरा धोका अमोनियाची गळती आणि उच्च दाबाचा हायड्रोजन हा असतो, म्हणजे नंदेसरीच्या किंवा कोयलीच्या रासायनिक कारखान्यांच्या जातीचा. भोंगा वाजला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेनं दूर जायचं आणि नाकातोंडावर ओला रुमाल धरायचा. किरणोत्साराच्या बाबतीत घरात शिरा असं सांगतात. दोन्हींची सूचना वेगळी आहे, गल्लत करू नका.

अणुभट्टी अणुबाँबसारखी फुटू शकते का?

नाही. बाँबला अतिसमृद्ध इंधन लागतं, म्हणजे ज्यात सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चं प्रमाण खूप वाढवलेलं असतं असं. काकरापारच्या इंधनात हे युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं, खाणीतून निघतं तेवढंच.

मग भट्टीत खरी भीती कशाची?

उष्णतेची. भट्टी बंद करणं सोपं आहे. नियंत्रक दांडे काही सेकंदांत आत पडतात आणि साखळी थांबते. पण तोवर युरेनियमचे अणू फुटून तयार झालेली विखंडनद्रव्यं क्षय पावत राहतात आणि इंधन तापतच राहतं. ७०० मेगावॅटच्या भट्टीची औष्णिक शक्ती २,१६६ मेगावॅट आहे. बंद केल्याच्या क्षणी तिच्या सुमारे साडेसहा टक्के, म्हणजे १४० मेगावॅट उष्णता निघत असते. तासाभरानं ती दीड टक्क्याच्या आसपास येते, दिवसाभरानं अर्ध्या टक्क्यावर. अर्धा टक्का म्हणजेसुद्धा १० मेगावॅट झाले. गॅस बंद केल्यावरही कुकर आपलं आपण तापत राहिला तर काय होईल, तसं हे. म्हणून बंद भट्टीतूनही पाणी सतत फिरतं राहावं लागतं, आणि पंपाला वीज लागते.

११ मार्च २०११ ला फुकुशिमात हेच बिघडलं. भूकंप होताच भट्ट्या व्यवस्थित बंद पडल्या होत्या. नंतर १४-१५ मीटर उंचीचं त्सुनामीचं पाणी शिरलं, डिझेल जनित्रं बुडाली, पाणी फिरायचं थांबलं आणि इंधन वितळलं.

काकरापारलाही पाण्यानं एकदा धडा दिला आहे. जून १९९४ च्या अतिवृष्टीत शेजारच्या मोतीचेर तलावाचं पाणी चढलं आणि टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. किरणोत्सार बाहेर पडला नाही. पण ज्या यंत्रांवर भट्टी थंड ठेवण्याची भिस्त असते त्यांच्यापर्यंत पावसाचं पाणी पोचू शकतं, हे फुकुशिमाच्या १७ वर्षं आधी आपल्याच राज्यात दिसलं होतं. नव्या ७०० मेगावॅटच्या भट्ट्यांत विजेशिवायही काही काळ उष्णता काढून नेणारी व्यवस्था आहे: वरच्या टाकीतलं पाणी गुरुत्वानं आणि नैसर्गिक प्रवाहानं फिरतं.

११ मार्च २०१६ ला काकरापारला नेमकं काय झालं?

सकाळी नऊच्या सुमारास पहिल्या भट्टीतल्या एका शीतक वाहिनीतून, म्हणजे इंधन आणि त्याला गार ठेवणारं पाणी असलेल्या नळीतून, जड पाणी गळू लागलं. भट्टी आपोआप बंद झाली, आपत्कालीन शीतकरण सुरू झालं आणि केंद्राच्या हद्दीपुरती आणीबाणी जाहीर झाली. बाहेरच्या लोकांना हलवावं लागलं नाही.

अशा भट्टीत ३०६ आडव्या दाबनळ्या असतात. नळी झिर्कोनियम-नायोबियम मिश्रधातूची. प्रत्येकीत १२ इंधनबंडलं आणि त्यांभोवती उच्च दाबाचं, तीनशे अंशांकडे जाणारं जड पाणी. दाबनळीबाहेर आणखी एक नळी असते आणि दोहोंमधल्या फटीत वायू खेळवतात. गळती आधी या वायूत ओल म्हणून दिसावी आणि नळी फुटण्याआधी भट्टी थांबवता यावी, अशी ती रचना. इथे नळीच्या बाहेरच्या अंगावर गंजाचे ठिपके आढळले. म्हणजे जी फट गळतीची चाहूल देण्यासाठी होती, बिघाड तिथेच सुरू झाला. दुसऱ्या भट्टीतही २०१५ मध्ये एक वाहिनी गळली होती. शेवटी दोन्ही भट्ट्यांच्या सगळ्या वाहिन्या बदलण्यात आल्या. पहिली भट्टी पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडलं.

वापरलेलं इंधन शेवटी जातं कुठे?

एक बंडल म्हणजे युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या भरलेल्या १९ बारीक नळ्यांची जुडी. लांबी अर्धा मीटर, वजन १५-१६ किलो. ते भट्टीत राहतं तोवर सुमारे साडेसहा लाख युनिट वीज देतं. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या २७० घरांची ती वर्षभराची वीज झाली. २२० मेगावॅटची भट्टी पूर्ण क्षमतेनं चालली तर रोज सात-आठ बंडलं बदलावी लागतात, आणि ती भट्टी चालू असतानाच बदलतात: एका टोकाचं यंत्र नवी बंडलं ढकलतं, दुसऱ्या टोकाचं जुनी झेलतं.

भट्टीतून नुकतंच निघालेलं बंडल जवळून काही क्षणही पाहणं प्राणघातक ठरेल. ते पाण्याखालूनच खोल तलावात नेतात. काही मीटर पाणी गॅमा किरणं अडवतं आणि उष्णताही काढून घेतं. तिथे ते काही वर्षं राहतं. त्यानंतर त्यात ९९ टक्क्यांच्या आसपास युरेनियम, अर्ध्या टक्क्याहून कमी प्लुटोनियम आणि उरलेलं विखंडनद्रव्य असतं. खरा कचरा म्हणायचा तो हा शेवटचा भाग.

भारत हे इंधन फेकून देत नाही. तुर्भे, तारापूर आणि कल्पाक्कम इथे ते नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि ट्रायब्युटिल फॉस्फेट नावाच्या द्रावकानं युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात. हा द्रावक बडोद्याच्या त्याच हेवी वॉटर प्लांटमध्येही बनवला गेला आहे. मागे राहिलेलं अतितीव्र द्रावण आटवून बोरोसिलिकेट काचेत मिसळतात, सुमारे हजार अंशांना वितळवून स्टीलच्या डब्यांत ओततात आणि झाकण वेल्ड करतात. काच का? कारण काच कुठल्याही एका आकाराच्या अणूसाठी अडून बसत नाही. सिझियम, स्ट्रॉन्शियम, दुर्मिळ मूलद्रव्यं, सगळ्यांना जाळ्यात सामावून घेते आणि पाण्यात फार सावकाश विरघळते. पण काच अति तापली तर तिच्यात स्फटिक होतात आणि ती तडकते, म्हणून एका डब्यात किती कचरा भरायचा याला मर्यादा आहे. हे डबे जाड काँक्रीटच्या कोठ्यांत ठेवतात आणि पंख्याविना, गरम हवा वर चढण्याच्या नैसर्गिक ओढीनं थंड ठेवतात. याच कचऱ्यातून वेगळं काढलेलं सिझियम-१३७ रक्तपेढ्यांतल्या रक्त-विकिरण यंत्रांत वापरतात.

हातमोजे, चिंध्या, गाळण्या अशा हलक्या कचऱ्याची गोष्ट वेगळी. तो जाळून किंवा दाबून लहान करतात, सिमेंटमध्ये बांधतात आणि केंद्राच्या आवारातल्या काँक्रीटच्या चरांत पुरतात. भोवती विहिरी खणून भूजल तपासत राहतात.

हा कचरा हजारो वर्षं घातक राहणार, हे खरं ना?

अर्धं खरं. सिझियम-१३७ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ३० वर्षं, स्ट्रॉन्शियम-९० चा २९. दहा अर्धायुकालांत, म्हणजे ३०० वर्षांत, ते हजारावा हिस्सा उरतात. पहिल्या तीन शतकांची सगळी धग यांचीच असते. त्यानंतर अमेरिशियम, ४३२ वर्षं, आणि प्लुटोनियम-२३९, २४,१०० वर्षं, असे चिवट उरतात. ते मुख्यतः अल्फा सोडतात, त्यामुळे शेजारी उभं राहण्यापेक्षा ते धूळ होऊन फुप्फुसात किंवा पाण्यावाटे पोटात जाणं घातक. प्लुटोनियम वेगळं काढून पुन्हा इंधन म्हणून जाळण्याचा मोठा फायदा इथे आहे.

पण पुनर्प्रक्रियेनं कचरा संपत नाही. काचेचे डबे कधीतरी खोल खडकात ठेवावे लागतील. फिनलंडनं सुमारे ४३० मीटर खोल ग्रॅनाइटमध्ये तशी जागा खोदली आहे. भारतात असं कायमचं भांडार अजून नाही. भट्ट्या वाढवण्याच्या घोषणांइतक्याच ठळकपणे या कामाची तारीखही सांगितली गेली पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

पर्यावरणाच्या दृष्टीनं आकारमानानं सर्वांत मोठा कचरा वीजकेंद्रात नसतोच. तो युरेनियमच्या खाणीवर असतो. झारखंडमध्ये जादुगुड्याला खनिज दळून युरेनियम काढल्यावर उरलेला बारीक गाळ मोठ्या तळ्यांत साठवतात. त्यात रेडियम राहतं आणि त्यातून रेडॉन निघतो. तळ्याचा बांध फुटणं, गाळ वाळून धूळ उडणं, गावकऱ्यांनी तो भरावाला वापरणं, हे तिथले धोके. बडोद्यात दिवा लागतो तेव्हा त्याचा हा भाग दुसऱ्याच कुणाच्या अंगणात असतो, हे विसरू नये.

किती मात्रेला काय होतं?

एकदम मिळालेली १०० मिलिसीव्हर्टपेक्षा कमी मात्रा: तब्येतीत काही जाणवत नाही, आणि कर्करोग वाढल्याचं आकडेवारीत स्पष्ट पकडता येत नाही. तरीही काळजी म्हणून धोका मात्रेच्या प्रमाणात मानतात, १,००० मिलिसीव्हर्टला साधारण ५ टक्के. १,००० च्या आसपास मळमळ, उलट्या आणि रक्तपेशी घटणं सुरू होतं. ४,००० एकदम, सर्वांगाला आणि उपचाराविना मिळाले तर निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. तीच मात्रा वर्षानुवर्षं विभागून मिळाली तर परिणाम असा होत नाही, कारण पेशींना दुरुस्तीला वेळ मिळतो.

चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ नंतर १३४ जणांना तीव्र किरणबाधा झाली आणि त्यातले २८ काही महिन्यांत गेले. पण लोकसंख्येतला सर्वांत स्पष्ट परिणाम मुलांच्या थायरॉइडवर दिसला. गवतावर आयोडीन-१३१ पडलं, गाईंनी ते खाल्लं आणि दूध मुलांनी प्यायलं. त्या प्रदेशांत थायरॉइड कर्करोगाचे हजारो रुग्ण नोंदले गेले. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल ८ दिवसांचा. दोन-तीन महिने दूध थांबवलं असतं तर यातले बहुतेक टळले असते.

डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला आहे. करावा का?

गरज असेल तर जरूर करावा. पण प्रमाण माहीत असू द्या. छातीचा एक्स-रे ०.१ मिलिसीव्हर्टपेक्षा कमी, डोक्याचा सीटी सुमारे २, पोटाचा सुमारे ८ ते १०. सोनोग्राफी आणि एमआरआय शून्य. १० मिलिसीव्हर्टनं कर्करोगाचा धोका अंदाजे दोन हजारांत एक इतका वाढतो असं मानतात. निदान चुकलं तर त्याहून कितीतरी मोठं नुकसान होतं.

अपव्यय होतो तो दुसरीकडे. जुन्या फिल्म घरी विसरल्या म्हणून पुन्हा स्कॅन, दवाखाना बदलला म्हणून पुन्हा स्कॅन. सीडी आणि अहवाल एका फाइलमध्ये ठेवा. लहान मुलाचा स्कॅन असेल तर मशीनची सेटिंग मुलाच्या वजनानुसार लावणार का, हे विचारा. यात संकोच कसला? एक्स-रे केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि तो भिंतीवर दिसायला हवा.

गरोदर असताना एक्स-रे निघाला. गर्भ पाडावा लागेल का?

जवळजवळ कधीच नाही. दात, छाती, हात-पाय यांच्या एक्स-रेत गर्भापर्यंत पोचणारी मात्रा नगण्य असते. १०० मिलिग्रेखाली व्यंग होण्याचा पुरावा नाही, आणि पोटाचा एखादा सीटीसुद्धा सहसा त्याच्या बराच खाली राहतो. कोणता तपास, कधी, किती वेळा, हे लिहून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. घाबरून घेतलेला निर्णय परत घेता येत नाही.

मोबाईल टॉवरची किरणं?

ती अणू फोडत नाहीत. या पानाचा विषय नाही.

आयोडीनची गोळी घरात ठेवावी का? आयोडीनयुक्त मीठ चालेल?

बडोद्यात ठेवायची गरज नाही. गोळी फक्त थायरॉइडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते. प्रौढाला एका वेळी १०० मिलिग्रॅम आयोडीन लागतं, आणि ते किरणोत्सारी ढग येण्याच्या थोडं आधी किंवा नंतरच्या काही तासांत घ्यावं लागतं. उशीर झाला तर उपयोग नाही. मिठात किलोमागे १५ मिलिग्रॅम आयोडीन धरलं तर १०० साठी साडेसहा किलो मीठ खावं लागेल. त्याच्या कितीतरी आधी मीठच जीव घेईल. जखमेवर लावायचं टिंक्चर पिणं तर विषच.

काकरापारला मोठा अपघात झालाच, तर बडोद्यात काय करायचं?

गाडी काढून महामार्गावर धावायचं नाही. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराच्या दगदगीनं आणि त्यानंतरच्या हालांनी दोन हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांत बहुतेक वृद्ध होते. घरात राहा आणि प्रशासनाच्या सूचना ऐका. पाऊस पडत असेल तर भिजू नका, कारण पाऊस ढगातली द्रव्यं खाली आणतो. परिसरातलं सुटं दूध आणि उघड्यावरच्या पालेभाज्या तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवा. दूध पावडर, बंद पाकिटं, डाळ-तांदूळ चालतात. गुरांना झाकलेला कोरडा चारा द्या.

मग बडोद्यात खरा धोका कशाचा आहे?

रेडिओग्राफीचा आणि भंगाराचा. हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

हे तेल, रसायनं आणि यंत्रकामाचं शहर आहे. पाइपच्या आणि टाक्यांच्या वेल्डिंगची तपासणी (रेडिओग्राफी) किरणोत्सारी इरिडियम-१९२ नं होते. हा स्रोत लेखणीच्या टोकाएवढा असतो आणि लवचीक तारेच्या शेवटी बसवलेला असतो. तो "कॅमेरा" म्हणतात त्या जड पेटीत ठेवतात आणि कामाच्या वेळी क्रँक फिरवून एका नळीतून बाहेर काढतात. १ टेराबेकरेल इरिडियमपासून एक मीटरवर तासाला सुमारे १३० मिलिसीव्हर्ट मिळतात. अंतर दुप्पट केलं तर मात्रा चौथाई होते. १०० मीटरवर ती दहा हजाराव्या हिश्श्यावर येते. उलटं पाहा: एक सेंटिमीटरवर ती दहा हजारपट होते, आणि मुठीत धरणाऱ्याच्या कातडीला एका मिनिटात २० ग्रेहून जास्त मिळतात. चटका जाणवत नाही. लाली तासाभरानं किंवा दिवसांनी येते, फोड एक ते तीन आठवड्यांनी, आणि तोवर बोटं वाचवणं हाताबाहेर गेलेलं असतं.

अपघात ठरावीक पद्धतीनंच होतात. तारेचा जोड नीट बसत नाही, क्रँक उलटा फिरवला तरी स्रोत नळीतच राहतो, आणि माणूस किरणं मोजणारा मीटर न बघता नळी गुंडाळायला जातो. दर वेळी मीटर हातात धरून कॅमेऱ्यापर्यंत आणि नळीच्या टोकापर्यंत तपासणं, हा एकच नियम पाळला तर यातले बहुतेक अपघात टळतात. रात्रपाळीत दोरी आणि लाल दिवा लावलेली जागा दिसली तर ओलांडू नका. तिथला वॉचमन सांगेल त्यापेक्षा थोडं जास्तच लांब राहा.

भंगाराचं तर आणखी अवघड. बंद पडलेल्या कारखान्यातल्या टाक्यांवर पातळी मोजणारी सिझियम-१३७ ची यंत्रं असतात. मालक बदलतात, कागद हरवतात, शिसं महाग म्हणून यंत्र भंगारात जातं. दिल्लीत मायापुरीच्या बाजारात एप्रिल २०१० मध्ये असंच झालं. दिल्ली विद्यापीठातून लिलावात विकलेलं जुनं गॅमा यंत्र फोडलं गेलं, कोबाल्ट-६० बाहेर आलं आणि एक जण दगावला. ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ मध्ये सोडून दिलेल्या उपचारयंत्रातलं सिझियम लोकांनी चमकतं म्हणून घरी नेलं. चौघे गेले. आणि स्रोत भट्टीत वितळला तर सगळं पोलाद किरणोत्सारी होतं: २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं, ते पोलाद भारतातून गेलं होतं.

मकरपुऱ्याच्या भंगार गल्लीत काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आकाराच्या मानानं फारच जड डबा, शिशाचं जाड कवच, पिवळ्या पाटीवर तीन पाती असलेलं काळं किंवा जांभळं चिन्ह, किंवा लाल त्रिकोणात कवटी आणि पळणारा माणूस. यातलं काहीही दिसलं तर कापू नका, ठोकू नका, हलवू नका. हातातलं ठेवा आणि निदान ३० मीटर दूर व्हा. कोणाकोणाचे हात लागले त्यांची नावं लिहून घ्या आणि त्यांना तिथेच थांबवून हात धुवायला सांगा. काही खाऊ-पिऊ नये, विडी ओढू नये. ११२ ला फोन करून "किरणोत्सारी वस्तूचा संशय" हे शब्द वापरा, नुसतं "संशयित वस्तू" म्हणू नका, नाहीतर बाँबशोधक पथक येतं आणि वेळ जातो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी बटालियन बडोद्याजवळ जरोदलाच आहे, आणि अशा कामाचं प्रशिक्षण त्यांना असतं.

किरणांनी प्रक्रिया केलेले आंबे किंवा मैलाखत किरणोत्सारी होतं का?

नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांत अणुकेंद्र बदलण्याइतकी ऊर्जा नसते. एक्स-रे काढल्यावर माणूस किरणोत्सारी होतो का? तसंच हे. अहमदाबादजवळ बावळ्याला परदेशी जाणाऱ्या केसर आंब्यांवर प्रक्रिया होते. बडोद्यात गाजरावाडीला १९९२ मध्ये मैल्याचा गाळ कोबाल्ट-६० नं निर्जंतुक करणारं देशातलं पहिलं केंद्र उभं राहिलं. जंतू मरतात, खताचा कस राहतो. गाळात कारखान्यांचे जड धातू असतील तर ते मात्र किरणांनी जात नाहीत. खत घेताना विचारायचं ते हे.

दवाखान्यातल्या कामगारांच्या छातीवरचा बॅज काय करतो?

त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. मिळालेली ऊर्जा त्या साठवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की प्रकाशाच्या रूपात सोडतात. बॅज संरक्षण करत नाही, हिशोब ठेवतो. शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावायचा. नेहमीच्या चुका: एक्स-रेच्या खोलीत खुंटीवर टांगून जाणं, कपड्यांसोबत धुवायला टाकणं, रजेवरच्या सहकाऱ्याचा वापरणं. मग अहवालात भलताच आकडा येतो आणि चौकशी लागते. कामगारांची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३०.

घरातल्या माणसाला थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं आहे. घरी आल्यावर काय पाळायचं?

नेमके दिवस डॉक्टर मात्रेनुसार लिहून देतील, ते पाळा. पद्धत अशी असते. झोपणं वेगळ्या खोलीत, निदान वेगळ्या पलंगावर. लहान मुलं आणि गरोदर सून किंवा लेक यांच्यापासून दोन मीटर अंतर, नातवाला मांडीवर घेणं बंद. आयोडीन मुख्यतः लघवीतून जातं, थोडं घामातून आणि थुंकीतून. म्हणून पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, दोनदा पाणी सोडावं, हात साबणानं धुवावेत. ताट-वाटी-पेला वेगळा, धुतल्यावर तो कोणालाही चालतो. टॉवेल आणि अंथरूण वेगळं धुवा. भरपूर पाणी प्या. पान-सुपारी खाऊन अंगणात थुंकणं बंद.

बाळ अंगावर पीत असेल तर दूध तोडायचं ते उपचाराच्या कित्येक आठवडे आधी. या बाळापुरतं पुन्हा सुरू करायचं नाही. उपचारानंतर निदान सहा महिने गर्भधारणा टाळा. ८ दिवसांचा अर्धायुकाल आणि शरीरातून होणारं उत्सर्जन दोन्ही मिळून बहुतेक आयोडीन पहिल्या दोन-तीन दिवसांतच निघून जातं. काळजी सर्वांत जास्त तेव्हाच घ्यायची.

हाडांच्या स्कॅनसाठी दिलेलं टेक्नेशियम वेगळं. त्याचा अर्धायुकाल ६ तासांचा, दुसऱ्या दिवशी सोळावा हिस्साही उरत नाही. पहिला दिवस बाळाला कडेवर कमी घेतलं तरी पुरे.